कॅल्मोड्युलिन
कॅल्मोड्युलिन हे मानवी शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत आढळणारे, 148 अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन आहे. पेशीला संदेश मिळाला की अनेकदा तिच्यातील कॅल्शियम एकदम वाढते. ही वाढ ओळखून पुढची कामे सुरू करणे ही त्याची जबाबदारी. त्याच्या दोन टोकांवर प्रत्येकी दोन कॅल्शियम आयन बसतात. त्यामुळे त्याचा आकार बदलतो आणि मिठी मारावी तसे ते दुसऱ्या प्रथिनाला वेढून कार्यान्वित करते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंमध्ये ते मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला जागे करते. त्यातून स्नायू आकुंचन पावतात. माणसात तीन जनुके हेच प्रथिन तंतोतंत घडवतात. तरीही त्यांपैकी एकाच्याच एका प्रतीतील उत्परिवर्तनाने हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित होऊ शकतात.