फॉर्म 27 आणि औषधाची किंमत

मुक्त व्यापार करार झाला की काय स्वस्त होणार, एवढंच आपण विचारतो. जुलै 2025 मध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या तेव्हा मथळे गाजले स्कॉचचे: 150 टक्के आयातशुल्क 75 वर, आणि दहा वर्षांत 40 वर. औषधांचा प्रश्न दडला होता त्याच कराराच्या बौद्धिक संपदेच्या प्रकरणात. औषधं मिळवून देण्याचा श्रेयस्कर मार्ग ऐच्छिक परवान्यांचा, म्हणजे पेटंटधारकाने स्वतःहून इतरांना उत्पादनाची परवानगी देण्याचा, असं तिथे लिहिलं आहे. शिवाय पेटंटचा देशात वापर होतो का, याची माहिती कंपनीकडून तीन वर्षांतून एकदाच मागता येईल, अशीही तरतूद आहे. वाचताना दोन्ही गोष्टी निरुपद्रवी वाटतात. त्यांचं वजन कळायला 2012 मधलं एक प्रकरण पुरेसं आहे.

बायर कंपनीचं नेक्साव्हर हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं औषध. महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे 2 लाख 80 हजार रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने ते सुमारे 8,800 रुपयांत देण्याची तयारी दाखवून सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना उत्पादनाची सरकारी परवानगी, मागितला. पेटंट कायद्याच्या कलम 84 नुसार पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर असा अर्ज करता येतो; औषध लोकांना पुरेसं मिळत नाही, परवडत नाही किंवा पेटंटचा देशात वापर होत नाही, हे दाखवावं लागतं. ते दाखवणार कशावरून? इथे कामी येतो ‘फॉर्म 27’. पेटंटधारकाने किती माल आणला, किती विकला, हे त्यात भरावं लागे, तेही दरवर्षी. बायरने स्वतः दिलेल्या आकडेवारीवरूनच औषध गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोचत असल्याचं दिसलं. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी परवाना दिला, विक्रीवर बायरला स्वामित्वशुल्कही ठरवून दिलं आणि 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय कायम ठेवला. मार्च 2024 मध्ये नियम बदलून हा फॉर्म तीन वर्षांतून एकदा भरायचा झाला. स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांशी मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या त्या त्याच महिन्यात. आता ब्रिटनच्या करारानेही तीच मुदत धरली आहे. पुरावा उशिरा मिळणार, म्हणजे अर्जही उशिरा होणार.

पेटंट सैल केलं तर नवं औषध शोधणार कोण, हा आक्षेप खोटा नाही. संशोधनाला पैसा लागतो आणि तो कुठून तरी वसूल व्हायलाच हवा. पण जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारानेच 20 वर्षांचं पेटंट देताना सक्तीच्या परवान्याची मुभाही ठेवली, आणि 2001 च्या दोहा जाहीरनाम्यात सर्व सदस्य देशांनी ती पुन्हा मान्य केली. त्याच वर्षी सिप्लाने एड्सवरची तीन औषधं मिळून वर्षाला 350 डॉलरला देऊ केली. तोवर त्यांचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. भारतात 1972 पासून औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, म्हणूनच हे जमलं. 2005 मध्ये ती सवलत संपली. उरल्या त्या पळवाटा नव्हेत, करारातच मान्य झालेल्या मोकळ्या जागा आहेत.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. नॅटकोनंतर सक्तीचा परवाना कुणाला मिळालाच नाही, मग गेलं काय? ऐच्छिक परवान्यांनी तर हेपटायटिस-सीचं औषध भारतात स्वस्त केलंच की! खरं आहे. परंतु कंपनी ऐच्छिक परवाना द्यायला बसते, त्याच्या अटी मान्य करते, ती दुसरा रस्ता उघडा असल्याची जाणीव ठेवूनच. ब्राझीलने 2007 मध्ये एड्सवरच्या एफाव्हिरेन्झसाठी सक्तीचा परवाना वापरला, तोही किमतीच्या वाटाघाटी फिसकटल्यावर. कुणी वापरत नाही म्हणून हा रस्ता अरुंद करणं धोक्याचं आहे.

करारातलं कलम आणि आपला नियम यांत फरक आहे तो बदलण्याच्या अधिकाराचा. आपला नियम केंद्र सरकार उद्या राजपत्रात सूचना काढून बदलू शकतं. करारातली मुदत बदलायला लंडनची संमती लागते. आणि असं बांधून घेण्याआधी आपल्याकडे चर्चा कुठे होते? भारतात असा करार संसदेच्या मंजुरीविना मान्य करता येतो. मसुदा सह्या होईपर्यंत बाहेर येत नाही, त्यामुळे रुग्णसंघटनांना बोलायला वेळ उरतो तो निर्णयानंतरचा. ब्रिटनमध्ये मात्र 2010 च्या कायद्यानुसार असा करार संसदेपुढे 21 कामकाजी दिवस ठेवावा लागतो.