विश्वाच्या तराजूत न्यूट्रिनो

आपल्या पुण्याच्या ‘आयुका’तील ज्योतिर्विदांनी २०१७ साली ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे. असल्या थोरल्या पसाऱ्यावरून न्यूट्रिनोसारख्या क्षुद्र कणाचे वस्तुमान काढावयाचे! गुरुत्वाकर्षणाने द्रव्य एकवटते. चपळ न्यूट्रिनो मात्र लहान पुंजांत ठरत नाहीत. ते जितके जड, तितका द्रव्याचा मोठा वाटा पसरलेलाच राहतो आणि पुंज बांधले जाणे मंदावते. दीर्घिकांची मांडणी व विश्वारंभीचे प्रारण ताडून ‘डेसी’ सर्वेक्षणाने २०२४ साली तिन्ही जातींच्या वस्तुमानांची बेरीज ०.०७२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत असावी, असे काढले. (खुद्द इलेक्ट्रॉनचे ५,११,०००!) न्यूट्रिनोंच्या जातिबदलाचे प्रयोग मात्र बजावतात की, ती सुमारे ०.०६ हून कमी असूच शकत नाही. ही फट मिटली, तर विश्वरचनेच्या हिशेबातच कोठे तरी चूक आहे, असे मानावे लागेल. आम्हांस तर तेच अधिक औत्सुक्याचे वाटते.