घरी सीएनसी राउटर बनवताय? मग कंट्रोल बोर्ड मागवण्याआधी एवढं वाचा

इन्स्टाग्रामवर रील दिसते. टेबलावर मावेल एवढं मशीन, मध्ये गरगर फिरणारं बिट आणि सागवानाच्या फळीवर हळूहळू उमटणारं कुणाचं तरी नाव. खाली कमेंट ठरलेली, "कितीला पडलं?" आणि उत्तरही ठरलेलं, "घरीच बनवा, स्वस्तात होतं."

होतं, यात खोटं काही नाही. सांगाडा तर बहुतेकांना जमतो. अॅल्युमिनियमचं प्रोफाइल, लीडस्क्रू, बेअरिंग या गोष्टी हातात घेऊन तपासता येतात. गाडी अडते ती इलेक्ट्रॉनिक्सपाशी. ऑनलाइन शोधलं की एकसारखे दिसणारे पन्नास बोर्ड समोर येतात, सगळ्यांवर 'सीएनसी कंट्रोलर' लिहिलेलं असतं, आणि त्यातला चुकीचा उचलला की पैसेही जातात आणि महिनाही.

तर आधी हे समजून घ्या की या मशीनमध्ये चार गोष्टी लागतात. कॉम्प्युटरकडून आलेला जी-कोड समजून घेणारा कंट्रोलर, त्याच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारे ड्रायव्हर, स्टेपर मोटर आणि पॉवर सप्लाय. रेडिमेड बोर्डात यातल्या पहिल्या दोन गोष्टी कधी एकत्र असतात, कधी वेगळ्या. सगळा गोंधळ तिथेच होतो.

कंट्रोलरच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये जीआरबीएल नावाचं मोफत, ओपन सोर्स फर्मवेअर आणलं. ते साध्या आर्डुइनो ऊनोवर चालतं आणि लॅपटॉपच्या यूएसबीला जोडता येतं. हौशी मशीनसाठी आज बोर्ड घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, "यावर जीआरबीएल चालतं का?" ईएसपी३२ चिपवाले नवे बोर्डही याच घराण्यातले आहेत, त्यांना वायफायही असतं.

हा प्रश्न का विचारायचा? कारण बाजारात अजूनही टीबी६५६० चिपचे, तीन मोटर चालवणारे जुने बोर्ड मिळतात. दिसायला दणकट, किंमत मोहात पाडणारी. पण मागे बघा, २५ पिनांचं पॅरलल पोर्ट असतं. जुन्या प्रिंटरला असायचं तेच. ते माक३ सॉफ्टवेअरसोबत चालवायचं तर ३२-बिट विंडोज असलेला जुना डेस्कटॉप हवा. यूएसबीवरून पॅरलल पोर्ट करणारी केबल मिळते, पण ती प्रिंटरसाठी असते, मोटरच्या पल्ससाठी तिचा उपयोग नाही. घरात तसा कॉम्प्युटर पडून असेल आणि लिनक्ससीएनसी शिकायची तयारी असेल तर ठीक, नाहीतर या बोर्डाच्या वाटेला जाऊ नका.

आता ड्रायव्हर. इथे मोटरवरून ठरवायचं, उलटं नाही. नेमा १७ म्हणजे १.७ इंची चौकोनी तोंडाची मोटर, तिला साधारण दीड अँपिअर लागतो. नेमा २३ ला तीनच्या आसपास. छोट्या नक्षीच्या मशीनला नेमा १७ पुरते आणि तिच्यासाठी ऊनोवर बसणारं सीएनसी शील्ड व ए४९८८ ड्रायव्हर ही सगळ्यात स्वस्त जोडी. मात्र ए४९८८ वर '२ अँपिअर' लिहिलेलं असलं तरी हीटसिंक नसेल तर एकाच्या वर फार ताणू नका. नेमा २३ लावणार असाल तर शील्डचा नाद सोडा, टीबी६६०० किंवा डीएम५४२ सारखे डब्यातले वेगळे ड्रायव्हर घ्या. एक जळला तर एकच बदलावा लागतो, हा त्यांचा मोठा फायदा.

मोटरवर २.८ व्होल्ट लिहिलेलं बघून बरेच जण दचकतात, "मग २४ व्होल्टचा सप्लाय कसा चालेल?" चालतो. करंटला आवर घालायचं काम ड्रायव्हर करतो. जास्त व्होल्टमुळे वेगात असतानाही मोटरची ताकद टिकते. आवर किती घालायचा, ते मात्र तुम्ही ठरवायचं असतं, आणि ए४९८८ जळतात ते बहुतेक इथेच.

त्यावर एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवून मल्टिमीटरवर एक व्होल्टेज सेट करायचं. लोक कुठल्यातरी व्हिडिओतला आकडा उचलतात. पण तो आकडा बोर्डावरच्या छोट्या रेझिस्टरवर अवलंबून असतो. त्यावर आर१०० लिहिलेलं असेल तर १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट. आर०५० असेल तर त्याच १ अँपिअरसाठी ०.४. म्हणजे आर०५० वाल्यावर ०.८ ठेवलंत की थेट २ अँपिअर, दुप्पट! सूत्र सोपं आहे, अँपिअर गुणिले रेझिस्टर गुणिले ८. स्क्रू फिरवण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून तो रेझिस्टर वाचा. आणि पॉवर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो.

शील्डची अजून एक खोड आहे. त्याच्या जुन्या नकाशावर झेड लिमिट स्विचची जागा ११ नंबरच्या पिनवर छापलेली असते. जीआरबीएलच्या ०.९ आवृत्तीपासून ती १२ वर गेली आणि ११ वर स्पिंडलच्या वेगाचा सिग्नल आला. छापलेलं बघून वायर लावली की झेडचा स्विच काम करत नाही आणि माणूस दोन दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो.

घ्यायचं कुठून? पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दुकानात वस्तू हातात घेऊन चिपचा नंबर वाचता येतो, हा फायदा ऑनलाइनला नाही. चीनमधल्या साइटवरून थेट मागवणं आता पूर्वीसारखं सरळ राहिलेलं नाही, अलीएक्सप्रेस अॅपवर तर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे. भारतीय ऑनलाइन दुकानांत बहुतेक तोच माल मिळतो, थोडा महाग, पण परत करायची सोय असते. मागवण्याआधी विक्रेत्याकडे पिनांचा नकाशा मागा. तो ज्याच्याकडे नाही, त्याचा बोर्ड स्वस्त असला तरी घेऊ नये, असं माझं मत.

एक गोष्ट बऱ्याच किटमध्ये येत नाही, ती वेगळी घ्या. लाल, मशरूमसारखं इमर्जन्सी स्विच. ते कॉम्प्युटरला सांगणारं नको, राउटरची वीज थेट तोडणारं हवं. २३० व्होल्टचा राउटर कंट्रोल बोर्डाच्या स्पिंडलच्या पिनांना जोडायचा नसतो, तिथले व्होल्ट वेगळे असतात. ते वायरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पार्सल आलं की सांगाडा पूर्ण व्हायची वाट बघू नका. परतीची मुदत थोड्याच दिवसांची असते. मोटर, ड्रायव्हर, सप्लाय टेबलावरच जोडा. मोटरच्या चार वायरींतल्या जोड्या ओळखायच्या तर दोन वायरी एकमेकींना टेकवून दांडा हाताने फिरवा, जड लागला तर ती जोडी. मग तिन्ही मोटर अर्धा तास फिरवत ठेवा. ड्रायव्हर खराब असेल तर बहुतेक तेवढ्यातच कळतं, आणि डबा परत पाठवायला अजून वेळ असतो.