घरचा ध्वनि घरींच



मुंबईस 23 जुलै 1927 रोजीं नभोवाणीचें केंद्र उघडलें, तेव्हांपासून ऐकण्याची एक रीत आपल्या अंगवळणीं पडली आहे. एकानें बोलावें वा गावें, आणि लक्षावधि लोकांनीं तें एकाच वेळीं ऐकावें. काय ऐकावयाचें व केव्हां, हें केंद्रानें ठरवावें. आज ज्या यंत्राविषयीं मी बोलणार आहें, त्याची रीत उलट आहे. घरांतला ध्वनिसंग्रह एका जागीं ठेवावा, आणि ज्याला जें ऐकावयाचें असेल तें त्यानें आपल्या खोलींत मागवून घ्यावें. ह्या यंत्राला 'स्ट्रीमर' म्हणतात. आपण त्याला ध्वनिवाहक म्हणूं.

मी जुन्नर तालुक्यांतील बोरी बुद्रुक ह्या कुकडीकांठच्या गांवीं राहतों. आपल्यापैकीं पुष्कळांचें एक घर शहरांत व एक गांवीं असतें. गांवच्या घरीं वीज जाते आणि बाहेरचें इंटरनेट मध्येंच तुटतें. ह्या दोन्ही अडचणींत टिकून राहील अशी व्यवस्था कशी करावी, एवढेंच आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. इंग्लंडांतील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय संस्थेनें, मुलांना संगणकाची विद्या स्वस्तांत शिकतां यावी म्हणून, 29 फेब्रुवारी 2012 रोजीं बँकेच्या कार्डाएवढ्या एका फलकावर मावणारा संगणक विक्रीस आणला. त्याच्या पहिल्या नमुन्यांची किंमत 25 व 35 डॉलर होती. पुढें त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आपल्या कामाला सर्वांत नव्या व महाग आवृत्तीची गरज नाहीं. 2016 सालचा तिसरा नमुना पुरेसा आहे. ध्वनि वाहून नेणें हें संगणकाच्या दृष्टीनें अगदीं हलकें काम होय.

तें हलकें कसें, हें आंकड्यांवरून कळेल. ध्वनि ही हवेंतली लाट. तिची उंची दर सेकंदास 44,100 वेळां मोजून ते आंकडे ओळीनें मांडले, कीं सीडीवरचें गाणें तयार होतें. असें एक तासाचें गाणें सुमारें 635 मेगाबाइट जागा घेतें. 'फ्लॅक' नांवाच्या पद्धतीनें तेंच गाणें, एकही आंकडा न गमावतां, साधारण निम्म्या जागेंत बसतें. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर सुमारें तीन हजार तासांचें गायन राहील. रोज दोन तास ऐकलें तरी तें संपावयास चार वर्षें लागतील!

आतां ह्या आंकड्यांची पुन्हां लाट करावी लागते. तें काम करणाऱ्या भागास 'डॅक' म्हणतात. रास्पबेरी पायच्या कांहीं नमुन्यांवर हेडफोनचें छिद्र असतें, परंतु त्यांतून निघणारा आवाज कामचलाऊ असतो. पांचव्या नमुन्यांत तर तें छिद्रच नाहीं. म्हणून फलकावर बसणारा किंवा यूएसबीला जोडावयाचा निराळा डॅक घ्यावा, आणि त्यांतून तार घरच्या अँप्लिफायरला द्यावी. खर्चांत काटकसर करावयाची असेल तर ती संगणकांत करावी, डॅक व स्पीकर ह्यांत करूं नये. कारण कानाला ऐकूं येतें तें त्यांचें काम.

ह्या व्यवस्थेंतील कामांची वांटणी लग्नघरच्या पंगतीसारखी आहे. कोठीवाला सामान सांभाळतो, वाढपी पानावर आणून देतो, आणि यजमान काय वाढावयाचें तें सांगतो. येथें संग्रह सांभाळणारा 'सर्व्हर' हा कोठीवाला, वाजवणारा 'प्लेयर' हा वाढपी, आणि आपल्या हातांतला मोबाईल हा यजमान. लहान घरांत कोठीवाला व वाढपी हीं दोन्ही कामें एकच रास्पबेरी पाय करूं शकतो. दुसऱ्या खोलींत ऐकावयाचें असेल तर तेथें आणखी एक वाढपी नेमावा. कोठी एकच राहते.

आज्ञावली निवडतांना मात्र विजेचा विचार आधीं करावा. चालू संगणकाची वीज एकाएकीं गेली तर त्याच्या कार्डावर अर्धवट लिहिलेला मजकूर बिघडण्याची भीति असते. 'पायकोअरप्लेयर' नांवाची विनामूल्य आज्ञावली सुरू होतांच आपलें सारें बिऱ्हाड संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत हलवते आणि कार्डाला सहसा हात लावीत नाहीं. त्यामुळें वीज गेली तरी कार्ड बहुधा सुरक्षित राहतें. तिच्याबरोबर कोठीवाला म्हणून 'लिरियन म्युझिक सर्व्हर' चालवतां येतो.

मांडणीचा क्रम असा. आज्ञावली उतरवून घेऊन ती मायक्रो एसडी कार्डावर लिहावी. कार्ड फलकांत बसवावें, डिस्क व डॅक जोडावे, राउटरपासून तार आणावी, आणि मग वीज द्यावी. राउटरच्या यादींत ह्या नव्या पाहुण्यास मिळालेला पत्ता पाहून तो मोबाईलच्या ब्राउझरांत लिहावा. जें पान उघडेल त्यांत आपला डॅक निवडावा, सर्व्हर बसवावा, आणि डिस्कवरील संग्रह धुंडाळण्याची आज्ञा द्यावी. शेवटीं केलेले बदल जपून ठेवण्याचें बटन आठवणीनें दाबावें. सारें तात्पुरत्या स्मृतींत असल्यामुळें, न जपलेले बदल वीज जातांच पुसले जातात. डिस्कवर नवीं गाणीं भरीत असतां मात्र वीज तोडूं नये.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरचें वाय-फाय आणि बाहेरचें इंटरनेट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची तार तुटली तरी राउटर चालू असेपर्यंत घरांतले रस्ते उघडेच असतात. राउटर, संगणक व अँप्लिफायर ह्यांना बॅटरीचा आधार दिला, कीं अंधारांतही गाणें थांबत नाहीं.

आमच्या भागापुरती आणखी एक सूचना. ह्याच तालुक्यांत खोडद येथें, प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या परिसरांत पसरल्या असून, साधारण 120 ते 1,450 मेगाहर्ट्झपर्यंतच्या आकाशांतील क्षीण लहरी त्या टिपतात. संगणकाचे फलक व हलक्या प्रतीचे अडॅप्टर ह्याच पट्ट्यांत गोंगाट सांडतात. म्हणून अडॅप्टर चांगला घ्यावा, फलक धातूच्या पेटींत ठेवावा, आणि शक्य तेथें तारेनें जोडणी करावी. मध्यम लहरींचा जुना रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या जागीं लावून अडॅप्टरजवळ धरला, कीं त्याची खरखर आपणांसही ऐकूं येते. शेजारी कोणी कान देऊन ऐकत असतां आपण हळू बोलतों, तितकाच हा शिष्टाचार आहे.

आतां कोणी विचारील, पैसे भरून कोट्यवधि गाणीं मोबाईलवर मिळत असतां ही यातायात कशाला? ह्याचें उत्तर ह्याच यंत्राच्या इतिहासांत आहे. आज ज्याला लिरियन म्हणतात, तो सर्व्हर मूळचा 'स्क्वीझबॉक्स' नांवाच्या ध्वनिवाहकांसाठीं झाला. लॉजिटेक कंपनीनें तीं यंत्रें 2012 सालीं बंद केलीं, आणि 2024 सालीं त्यांना जोडलेली इंटरनेटवरची सेवाही बंद केली. पण सर्व्हरची आज्ञावली सर्वांस खुली असल्यामुळें हौशी लोकांनीं ती चालू ठेवली, आणि ज्यांचा संग्रह घरीं होता त्यांचें गाणें बंद पडलें नाहीं. परक्याच्या कोठारांतली वस्तु त्याची मर्जी असेपर्यंतच आपली.

शिवाय कांहीं आवाज कोणत्याच बाजारांत मिळत नाहींत. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज 'पारी' ही संस्था त्या जगापुढें मांडीत आहे. तें काम झालें नसतें तर त्या बायांचे शब्द जात्यांबरोबरच थांबले असते. आपल्या घरीं आजीच्या ओव्यांची, वडिलांच्या अभंगांची एखादी कॅसेट कपाटांत पडली असेल. तिच्या फितीवरचा लेप दरवर्षीं झिजतो आहे, आणि ती वाजवणारें यंत्रही दुर्मिळ होत चाललें आहे. ती कोणा दूरच्या कंपनीकडे मिळणार नाहीं.

तेव्हां माझी विनंति अशी, कीं ध्वनिवाहक मांडण्याआधीं ती कॅसेट बाहेर काढावी. कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राची तार यूएसबी साउंड कार्डाला जोडून तिचा ध्वनि संगणकांत उतरवावा, फ्लॅक पद्धतीनें ठेवावा, फाइलीला माणसाचें नांव, गांव व साल द्यावें. एक प्रत गांवीं, एक शहरांत ठेवावी. मग संग्रहांतली पहिली फाइल तीच असूं द्यावी. बाजारांतलीं गाणीं मागाहून भरतां येतील. त्यांना घाई नाहीं.