चेहऱ्यासाठीं साबण निवडतांना

एकत्र कुटुंबांत न्हाणीघरांतील साबणाची वडी बहुधा सर्वांस मिळून एकच असते. आजीबाईंचे सुरकुतलेले गाल, सुनेची कोरडी त्वचा आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलीचे मुरूम, या सर्वांचा भार तीच वाहते. अंगास हें कसेंबसें सोसतें. चेहऱ्यास सोसेलच असें नाहीं.

तेल किंवा चरबी आणि दाहक सोडा यांच्या संयोगानें साबण तयार होतो. तो कितीहि उंची असला तरी अल्कधर्मीच राहतो. त्याचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक, सामान्यतः ९ ते १० असतो. उलट निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल, सुमारें ५ सामूचा असतो. या आम्लपणामुळें ओलावा टिकतो व उपद्रवी जंतूंस आळा बसतो. साबण मळाबरोबर त्वचेचें स्वतःचें तेलहि काढून नेतो. म्हणून तोंड धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटला, तर ती स्वच्छतेची खूण नसून त्वचेची तक्रार आहे असें समजावें.

वेष्टनावर 'टी. एफ. एम.' या अक्षरांपुढें स्निग्धाम्लांचें शेकडा प्रमाण छापलेलें असतें. पहिल्या प्रतीच्या साबणांत तें निदान ७६ असावें लागतें. परंतु हा अंक साबणाचा कस सांगतो, सौम्यपणा नव्हे. कोरड्या अथवा नाजूक त्वचेस 'सिंडेट' म्हणून मिळणारी साबणविरहित वडी अधिक मानवते. तिचा सामू त्वचेच्या जवळचा ठेवतां येतो. सुवास जितका कमी तितकें बरें. डाळीचें पीठ वापरावयाचें तर तें वस्त्रगाळ असावें. भरड पिठानें त्वचा खरचटते.

मुरूम मळामुळें होत नसतात. तारुण्यांत तेलग्रंथी अधिक स्रवूं लागून छिद्रें बुजतात, हें त्यांचें मुख्य कारण. तेव्हां दिवसांतून पांचसहा वेळां चेहरा घासणाऱ्या मुलीस आपण थांबविलें पाहिजे. कोमट पाण्यानें, बोटांनीं हलकेच, दोनदां धुणें पुरेसें आहे.

शेवटीं एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठीं. वर्ण त्वचेंतील रंगद्रव्यानें ठरतो. अर्ध्या मिनिटांत वाहून जाणारा फेस तो बदलूं शकत नाहीं. जाहिराती कांहींहि म्हणोत, मुलीच्या हातीं साबण देतांना "यानें जरा उजळशील" हें वाक्य आपल्या तोंडून निघूं नये. त्याचा चटका कोणत्याहि साबणाहून अधिक काळ राहतो.