स्प्रिंगमधील अंतराळ

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील किरणबंदुकीचा ‘पिऊऽ’ असा घसरत जाणारा आवाज मुळात एका तारेचा आहे. ध्वनिसंकल्पक बेन बर्ट यांनी रेडिओ मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या पोलादी तारेवर आघात करून तो मुद्रित केला.

तसाच ध्वनी लांब, सैल स्प्रिंगमधूनही निघतो. ‘स्लिंकी’ या धातूच्या खेळण्याचे एक टोक कागदी पेल्याच्या तळाशी अडकवावे, दुसरे लोंबते ठेवावे आणि खालच्या वेढ्यांवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. माइक पेल्याच्या तोंडाशी असावा. विज्ञानकथेचा आवाज म्हणजे महागडी यंत्रसामग्री, असे मानणाऱ्या पालकांनी तर हा प्रयोग मुलांसह अवश्य करावा.

हवेतून सारे स्वर जवळपास एकाच वेगाने येतात. म्हणून तर दुरून ऐकू येणाऱ्या सनईचे सूर विस्कटत नाहीत. पोलादी तारेतील वाकण्याच्या लहरींचे तसे नसते. तेथे उंच स्वर पुढे धावतात, खर्जाचे मागे रेंगाळतात. एका क्षणाचा आघात त्यामुळे कानाशी पसरून पोहोचतो : आधी तार, मग मंद्र. स्लिंकीत कित्येक मीटर तार गुंडाळलेली असल्याने हे अंतर स्पष्ट जाणवते. पेनातल्या चिमुकल्या स्प्रिंगकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये.

मुद्रित ध्वनी निम्म्या गतीने वाजविल्यास तो एक सप्तक खाली उतरतो आणि टिचकीची तोफ होते.