बाँडवर विकलेली गाडी

अकोल्यात काय, अमरावतीत काय, जुनी मोटारसायकल विकण्याची रीत ठरलेली आहे. चहा होतो, नोटा मोजल्या जातात, स्टॅम्प पेपरवर 'आजपासून गाडीची संपूर्ण जबाबदारी घेणाऱ्याची' असं लिहून दोघं सह्या करतात. विकणारा 29 आणि 30 नंबरच्या कोऱ्या फॉर्मवरही सही ठोकतो, किल्ली देतो आणि सुटलो म्हणतो. एमएच 27 किंवा एमएच 30 ची ती गाडी मग मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट अशी हात बदलत फिरते. आरसीवर नाव पहिल्याचंच.

बाँड केला म्हणजे आपण मोकळे, हा या व्यवहारातला सर्वांत महागडा गैरसमज. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(30) नुसार गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली, तो मालक. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका कारचं प्रकरण आलं. अपघात 2009 चा. नोंदणीकृत मालकाने गाडी 2007 मध्येच विकलेली, आणि त्यानंतरही ती एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली. उच्च न्यायालयाने पुढच्या एका खरेदीदाराला जबाबदार धरलं होतं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने ते फिरवलं. गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत बसण्याची वेळ अपघातग्रस्तांवर यायला नको, म्हणून भरपाई नोंदणीकृत मालकाने द्यावी, असं न्यायालयाने ठरवलं.

बाँड अगदीच निरुपयोगी नाही. नंतर खरेदीदाराशी भांडायला तो पुरावा ठरू शकतो. पण नाव बदलण्याचं काम तो करत नाही. (ऑक्टोबर 2024 पासून राज्यात शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो. बाँड महागला, भक्कम झाला नाही.) कायदा सांगतो ते वेगळंच: विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करून घ्यायची.

यात विम्याचं काय होतं? कलम 157 मुळे थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातो. म्हणजे पॉलिसी चालू असेल तोवर रस्त्यावरच्या जखमीला कंपनी पैसे देते आणि जुन्या मालकाची झोप शाबूत राहते. खरी गोची पॉलिसी संपल्यावर. घेणाऱ्याने ती पुन्हा काढली नाही आणि बडनेऱ्याजवळ कुणाला उडवलं, तर अमरावतीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर येणार. आपण विकलेल्या गाडीचा विमा दुसऱ्याने वेळेवर भरावा, एवढ्या भरवशावर अनेकांची शेतं-घरं टांगलेली आहेत.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र असा आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच हे स्पष्ट केलं. पॉलिसी जुन्याच्या नावावर, गाडी नव्याच्या ताब्यात, आणि पुलाखाली पडून चक्काचूर झाली, तर नव्याशी कंपनीचा करार नाही आणि जुन्याचं नुकसान झालेलं नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी.

'थर्ड पार्टी काढली, आता सगळं कव्हर' हेही चुकीचं. कंपनीच्या दृष्टीने तिसरा म्हणजे समोरचा. मित्राची गाडी मागून आणली आणि स्वतःच्याच चुकीने झाडावर घातली, तर थर्ड पार्टीतून त्या चालवणाऱ्याच्या घरच्यांना काही मिळत नाही. मालक स्वतः चालवत असेल, तर त्याच्यासाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. हप्त्याच्या पावतीवर तो घेतलाय की नाही, हे फार थोडे जण पाहतात.

लग्नसराईत आणखी एक प्रकार. वऱ्हाडातलं वऱ्हाड अजूनही कित्येकदा मेटॅडोरमध्ये बसून निघतं, आणि 'गाडीचा विमा आहे ना' एवढ्यावर सगळे निश्चिंत. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी डिसेंबर 2002 मध्ये दिला. काही प्रकरणांत न्यायालयं कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात, पण तिला ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा असते. गंमत अशी, की स्वतःची तूर घेऊन त्याच मेटॅडोरमधून अकोल्याच्या बाजार समितीत निघालेल्या शेतकऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. 1994 च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस विम्यात आला. तुरीबरोबर बसलेला चालतो, वरातीत बसलेला नाही.

राहिला घरचाच प्रश्न. वडील गेले, गाडी दारात उभी, मुलगा ती चालवतो. घरचीच तर आहे, नावाची काय घाई? मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवलं, तर वारसाला ती तीन महिने वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांतच फॉर्म 31 भरून गाडी नावावर करण्याचा अर्ज करावा लागतो. तेरवीच्या धावपळीत सातबाऱ्याचा विषय हमखास निघतो. आरसीचा बहुधा पहिल्या चालानाच्या वेळी.